कालीपूरचा होमस्टे पास, गाडीवाला एजंट नापास, आणि रस्त्याचं काय ते खाली वाचा

आधीच सांगते, रिव्ह्यू लांब आहे. जायच्या आधी दोन महिने मी शोधत होते की अंदमानात दिगलीपूरच्या पुढे कालीपूरला म्हातारं माणूस आणि लहान पोर घेऊन रस्त्याने जाता येतं का, आणि जिथे बघावं तिथे तेच, सुंदर बीच, शांत गाव, मस्ट व्हिजिट, खाली कासवाचा फोटो. अरे पण पोचायचं कसं बाबांनो? रस्त्याबद्दल कुणी एक अक्षर लिहीत नाही. म्हणून मीच लिहिते. आम्ही जानेवारीत गेलो, चार जण. मी, नवरा, अकरा वर्षांचे चिरंजीव आणि अडुसष्ट वर्षांच्या सासूबाई, ज्यांची कंबर आधीच नाशिक-मुंबई हायवेने पास करून ठेवलेली आहे.

आता एवढ्या लांब का गेलो ते सांगते नाहीतर लोक म्हणतील हॅवलॉक-नील ही नेहमीची दोन बेटं करून गपचूप परत यायचं ना. सासूबाईंना सेल्युलर जेल बघायचं होतं, त्यांचं माहेर भगूरजवळचं, लहानपणापासून सावरकरांच्या गोष्टी ऐकलेल्या, ते एक ठरलेलंच होतं. आणि पोराला कासव बघायचं होतं. दोन वर्षांपूर्वी आम्ही त्याला वेळासला घेऊन गेलो होतो, कासव महोत्सवाला, दोन दिवस पहाटे उठून घरट्यांवरच्या टोपल्या उचलायची वाट बघितली तेव्हा कुठे तीन पिल्लं निघाली. पिल्लं गोड होती पण तेव्हापासून ह्याचं चालू, "मोठी आई कासव कुठे असते, तिला का नाही दाखवत." मग ह्यानेच कुठेतरी वाचलं की कालीपूरच्या किनाऱ्यावर चार जातींची कासवं अंडी घालायला येतात, ऑलिव्ह रिडले, ग्रीन, हॉक्सबिल आणि तो अवाढव्य लेदरबॅक. झालं. वर्षभर डोकं खाल्लं.

नकाशात बघितलं तर सगळं एका सरळ रेषेत दिसतं. खाली पोर्ट ब्लेअर (२०२४ पासून नाव श्री विजय पुरम झालंय, पण रिक्षावाल्यापासून हॉटेलवाल्यापर्यंत आम्हाला तरी सगळे पोर्ट ब्लेअरच म्हणताना दिसले), वर टोकाला दिगलीपूर, मधे अंदमान ट्रंक रोड, अंतर सव्वातीनशे किलोमीटरच्या आसपास. दिगलीपूर बाजारापासून कालीपूर अजून वीसेक किलोमीटर. आपल्या डोक्यात काय येतं, साडेतीनशे किलोमीटर म्हणजे सात तास, चहा-जेवण धरून आठ. ह्या रस्त्याचा नंबर माहितीये का काय आहे? एनएच ४. आपण पुणे-बंगळूर रोडला वर्षानुवर्षं एनएच ४ म्हणायचो तोच नंबर, नंबर बदलले तेव्हा तो उचलून इथे आणून ठेवला. नवरा हे ऐकून इतका खूश झाला की म्हणाला बघ मग, हायवे आहे, काळजी कशाला.

एजंटचं नाव लिहीत नाहीये, इथे भांडण नको. पोर्ट ब्लेअरमधला, फोनवर एकदम साखर. "मॅडम रोड एकदम मख्खन है, आठ घंटे में छोड देगा, बडी गाडी देगा." अर्धे पैसे आधी घेतले. आणि पहाटे साडेतीनला हॉटेलच्या दारात उभी कोण, तर बुटकी सेडान, मागच्या सीटचा स्प्रिंग वर आलेला. विचारलं बडी गाडी कुठेय तर ड्रायव्हर बिचारा म्हणाला मला हीच दिली. ड्रायव्हरबद्दल माझी काही तक्रार नाही बरं का, पंचविशीचं पोरगं, शांत, आणि पुढे पंधरा तास ज्या संयमाने त्याने ती गाडी ओढली त्याला मी वेगळे पाच स्टार देते. एजंटला एक देते, तो पण शून्य देता येत नाही म्हणून.

पहाटे साडेतीनला का, तर जिरकाटांगला चेकपोस्ट आहे आणि तिथून पुढे जारवा आदिवासींचं राखीव जंगल लागतं, त्यातून गाड्या एकेकट्या सोडत नाहीत, ठरलेल्या वेळी काफिला करून पोलीस पुढेमागे राहून सोडतात. पहिला काफिला आम्ही गेलो तेव्हा सहाचा होता. तो चुकला तर पुढे सगळंच कोलमडतं. सगळ्यांची नावं, वय, ओळखपत्र फॉर्मवर भरून द्यायचं, मग रांगेत उभं राहायचं. शंभरेक गाड्या असतील. टपऱ्यांवर चहा, इडली, गरम वडे मिळतात, खाऊन घ्या, बाथरूम उरकून घ्या, पुढे पन्नासेक किलोमीटर गाडी थांबत नाही. थांबायचं नाही, ओव्हरटेक नाही, काचा वर, फोटो नाही, कुणाला काही खायला द्यायचं नाही. 

इथे एक बोलते. रांगेत चहा पिताना शेजारच्या गाडीतले काका ड्रायव्हरला विचारत होते, "दिखेंगे ना?" जसं ताडोबात वाघ दिसेल का विचारतात तसं. जारवा म्हणजे काहीशे माणसं उरलीत, त्यांच्या घरातून आपण रस्ता काढलाय, सुप्रीम कोर्टाने २००२ मधे त्यांच्या भागातला हा रस्ता बंद करा म्हणून सांगितलं होतं तरी आपण आजही त्यावरूनच चाललोय, मी पण त्यातलीच एक, हे मला कळतंय. पण किमान "दिखेंगे ना" तरी विचारू नका हो. आम्ही पोराला आधीच समजावून ठेवलं होतं. तो पूर्ण वेळ झोपला, बरं झालं.

हा जंगलाचा पट्टा मात्र काय आहे, अहाहा. दोन्ही बाजूला झाडं इतकी उंच की गाडीच्या काचेतून शेंडा दिसत नाही, वेली, अंधार, आणि सकाळी सात वाजता पण एकदम गार. इथे रस्ता ठीकठाक आहे, आणि इथेच माणूस फसतो. नवरा मागे वळून म्हणाला बघ, मख्खन.

मग मिडल स्ट्रेटची जेट्टी. गाडी सकट बोटीवर चढायचं, दहा मिनिटात पलीकडे बाराटांग. काफिल्यातल्या बहुतेक गाड्या इथेच थांबतात, ही सगळी मंडळी चुनखडीच्या गुहा आणि चिखलाचा ज्वालामुखी बघून संध्याकाळी परत जाणारी. बाराटांगनंतर रस्ता एकदम रिकामा होतो आणि आपल्यालाच कसंतरी व्हायला लागतं की बाकीच्यांना काहीतरी माहितीये जे आपल्याला माहीत नाही. पूर्वी पुढे हम्फ्री स्ट्रेटला अजून एक बोट लागायची, आता तिथे पूल झालाय, आझाद हिंद फौज सेतू, जवळजवळ दीड किलोमीटरचा, एकदम चकाचक. त्या पुलावर सासूबाई म्हणाल्या "अगं छान आहे की सगळं, उगाच घाबरवलंस."

पुलानंतर तासाभरात डांबर संपलं.

संपलं म्हणजे कसं, तर आधी ठिगळं, मग डांबराच्या कडा कुरतडलेल्या, मग एका वळणावर डायव्हर्जनची पाटी आणि त्यापुढे लाल मुरूम, खडी, धूळ, नुसती धूळ. रुंदीकरणाचं काम चालू होतं, डोंगर एका बाजूने खरवडून ठेवलेला, कुठे रोलर उभा, कुठे नुसते पाईप पडलेले, मधेच दोनशे मीटर गुळगुळीत नवाकोरा रस्ता लागतो, जीवात जीव येतो, आणि परत धाडकन खाली. समोरून ट्रक आला की पाच मिनिटं काही दिसत नाही. काच उघडली तर लाल भुकटी, बंद केली तर एसीला श्वास लागलेला. आणि ती बुटकी गाडी! दर दहा मिनिटाला खालून खर्रर्र. चेंबर लागायचं. तीन ठिकाणी ड्रायव्हरने आम्हाला खाली उतरवलं, गाडी रिकामी करून खड्डा पार केला, आम्ही मागून चालत, सासूबाई पदर नाकाला लावून नवऱ्याचा हात धरून. एकदा तर मागून आलेल्या बसमधल्या लोकांनी उतरून दगड हलवायला मदत केली. ती बस, लक्षात ठेवा, तिच्याबद्दल पुढे लिहिते.

पावसाळ्यात ह्याचं काय होत असेल ते ड्रायव्हरला विचारलं तर म्हणाला तेव्हा धूळ नसते. एवढंच म्हणाला.

पण ह्या सगळ्यात एक मजा झाली. रंगतच्या आसपास गावांच्या पाट्या वाचायला लागलो तर कौशल्यानगर, दशरथपूर, जनकपूर, ऊर्मिलापूर! फाळणीनंतर पूर्व बंगालमधून जी कुटुंबं इथे आणून वसवली त्यांच्या वस्त्यांना अख्ख्या रामायणातून नावं दिलीत. आणि मग आली पंचवटी. आता आम्ही राहतो नाशिकच्या पंचवटीत, रामकुंडापासून दहा मिनिटावर, आणि हजारो किलोमीटर लांब बेटावर धुळीने लाल होऊन पंचवटीची पाटी वाचतोय. सासूबाईंनी गाडी थांबवायला लावली. पाटीखाली उभं राहून फोटो काढला, तिथल्या टपरीवाल्याला सांगितलं आम्ही पण पंचवटीचे, तो बंगाली माणूस आधी काही समजलाच नाही मग खरी पंचवटी म्हटल्यावर दुकानातून उठून बाहेर आला आणि चहाचे पैसे घेईना. त्या अर्ध्या तासावर सासूबाईंनी पुढचे सहा तास काढले असं माझं मत आहे.

रंगतला जेवण, मायाबंदरच्या फाट्याला परत चहा. मायाबंदरला मुक्काम करा असं आम्हाला होमस्टेवाल्या दादांनी फोनवर सांगितलं होतं. हे मुद्दाम लिहिते कारण सगळ्या प्रकारात खरं बोलणारा हा एकच माणूस. म्हणाले होते, "दीदी, माताजी साथ में है तो एक रात रंगत या मायाबंदर रुक जाओ, रोड खराब है, एक दिन में मत आओ." स्वतःच्या एका रात्रीचं भाडं बुडवून सांगत होते ते! आणि आम्ही एजंटच्या मख्खनवर विश्वास ठेवला. चेंगप्पा पूल ओलांडून उत्तर अंदमानात शिरलो तेव्हा साडेतीन वाजलेले. इकडे एक लक्षात घ्या, घड्याळ आपलंच पण सूर्य नाही, आपल्यापेक्षा कितीतरी पूर्वेला आहोत त्यामुळे जानेवारीत सव्वापाचला सूर्य गेला पण. शेवटचा तास-सव्वा तास पूर्ण अंधारात, खड्ड्यात, हेडलाईट धुळीत विरघळून जातोय, पोराला दोनदा उलटी झालेली, नवरा एक शब्द बोलत नव्हता. 

साडेसहाला कालीपूर. दादा टॉर्च घेऊन रस्त्यावरच उभे होते.

आता होमस्टे. मेन रस्त्यापासून जरा आत, सुपारीच्या झाडांमधे पाच-सहा झोपड्या, बांबूच्या भिंती, वर पत्रा आणि त्यावर पानांचं छप्पर, पुढे छोटा ओटा. समुद्र चालत पाच मिनिटं, रात्री आवाज येतो. आम्ही दोन खोल्या घेतल्या, एकेकीला दिवसाला दोन हजारच्या आत पडलं. एसी नाही, गरजही नव्हती. मच्छरदाणी धुतलेली, भोकं नसलेली, ही मोठी गोष्ट. गरम पाणी बादलीने मिळतं, सांगितलं की पंधरा मिनिटात. आम्ही पोचलो त्या रात्री न सांगता चार बादल्या तयार होत्या आणि आमच्या अंगावरून जे पाणी वाहिलं ते विटकरी रंगाचं होतं, खोटं नाही सांगत.

तोट्याचं पण लिहायला पाहिजे. चादरी दमट होत्या, समुद्राकाठी होतंच पण एकदा उन्हात टाकल्या असत्या तर बरं झालं असतं. बाथरूममधे एक बेडूक कायमचा राहायला आहे, त्याला घालवायचा आम्ही दोन दिवस प्रयत्न केला, तिसऱ्या दिवशी पोराने त्याचं नाव ठेवलं. लाईट जाते, इन्व्हर्टरवर एक बल्ब चालतो, पंखा नाही. मोबाईलला रेंज ओट्याच्या डाव्या कोपऱ्यात, ते पण मूड असेल तर. ऑनलाईन पैसे द्यायला उभं राहिलो तर ते गोल गोल फिरतच राहिलं, म्हणून कॅश न्या, एटीएम दिगलीपूर बाजारात आहे, कालीपूरला नाही. आणि सँडफ्लाय. दिसत नाही इतकी बारीक माशी, चावलेलं तेव्हा कळत नाही, दुसऱ्या दिवशी खाजवून जीव जातो. नारळाचं तेल चोपडून वाळूत बसा असं बौदींनी सांगितलं (दादांची बायको, सगळे त्यांना बौदीच म्हणतात, आम्ही पण म्हणायला लागलो). मी ऐकलं, नवऱ्याने नाही ऐकलं, त्याचे पाय आठवडाभर ठिपक्यांचे.

जेवण बौदी स्वतः करतात. मेनूकार्ड नाही, सकाळी विचारतात काय खाणार. मासे घरासमोरून जाणाऱ्या कोळ्याकडून. सुरमईचं झोल म्हणजे पातळ रस्सा, मोहरीच्या तेलात, हिरवी मिरची चिरून वर टाकलेली, भात इथलाच, दिगलीपूरकडे भातशेती बऱ्यापैकी आहे. पहिल्या घासाला मोहरीचं तेल नाकात गेलं, आपल्याला सवय नाही, दुसऱ्या दिवशी मी परत मागून घेतलं. सासूबाई माळकरी. त्यांचं काय होणार म्हणून मी घरून थालीपिठाची भाजणी आणि मेतकूट नेलेलं. बौदींना कळलं की ह्या मासे खात नाहीत तर वेगळ्या भांड्यात, वेगळ्या चुलीवर त्यांचा स्वयंपाक. भोपळा, वांगं, पोस्तो म्हणजे खसखस घातलेला बटाटा. डाळ मात्र तिन्ही दिवस तीच, जराशी गोड, आणि सासूबाईंनी शेवटच्या दिवशी स्वयंपाकघरात जाऊन लसणाची फोडणी स्वतः दिली, माळकरी असून लसूण कसा हा प्रश्न विचारू नका, आमच्या घरात पण कुणी विचारत नाही. बौदींनी ती फोडणी शिकून घेतली. तुम्ही गेलात आणि डाळीला झणझणीत लसणाची फोडणी लागली तर समजून घ्या कुठून आली.

आता बीच. खरं सांगते, हॅवलॉकचा राधानगर बघून आलात तर कालीपूरचा किनारा पहिल्या नजरेला फिका वाटेल. वाळू राखाडी-काळसर, आपल्या कोकणासारखीच, पाणी निळं-हिरवं चमकणारं नाही. समोर छोटं क्रॅगी आयलंड, पाठीमागे सॅडल पीकचा डोंगर, ७३२ मीटर, अख्ख्या अंदमान-निकोबारमधला सगळ्यात उंच. शॅक नाही, वॉटर स्पोर्ट नाही, माणूस नाही. सकाळी साडेपाचला मी एकटी चालत गेले तर वाळूवर ट्रॅक्टर गेल्यासारखी नक्षी, पाण्यातून वर आणि परत पाण्यात. रात्री कासव येऊन गेलेलं. मी तिथे उभी आणि आजूबाजूला कुत्रं पण नाही. मला वाटलं एवढ्यासाठी त्या धुळीचे आभार मानायला पाहिजेत, इथपर्यंत डांबर असतं तर इथे काय काय असतं ते आपल्या अलिबागला बघतोच आपण. (हे विचार मला दमलेल्या अंगाने नाही सुचले, एक रात्र झोपून उठल्यावर सुचले.) पोहायला मात्र विचारल्याशिवाय जाऊ नका, ह्या भागात खाऱ्या पाण्यातल्या मगरी आहेत, खाडीच्या तोंडाकडे तर अजिबात नाही.

कासवांचं असं की फॉरेस्टवाले रात्री गस्त घालतात, अंडी सापडली की उचलून कुंपण घातलेल्या हॅचरीत नेऊन परत पुरतात, वेळासला करतात साधारण तसंच. आपण त्यांना आधी सांगून ठेवायचं, ते सांगतील तिथे बसायचं, पांढरा टॉर्च नाही, फ्लॅश नाही, बडबड नाही. पहिल्या रात्री आम्ही प्रेतासारखे झोपलो. दुसऱ्या रात्री साडेबारापर्यंत बसलो, काही नाही, नुसता समुद्र आणि डास. तिसऱ्या रात्री अकराच्या सुमाराला गार्डने लाल टॉर्च दोनदा हलवला.

ऑलिव्ह रिडले होती. आम्हाला मागच्या बाजूने, लांब, ओणवं बसवलं. तिने खड्डा करून झाला होता. मागच्या दोन पायांनी ती वाळू कशी काढते ते मी सांगू शकत नाही, हाताने ओंजळीने काढल्यासारखी, आळीपाळीने, एक पाय भरतो तोवर दुसरा टाकतो. मग अंडी, पिंगपाँगच्या चेंडूएवढी, एक, दोन, दोन, तीन. पोराने मोजायला सुरुवात केली, चाळीसला थांबला. गार्ड कानात म्हणाला शंभराच्या वर असतात. झाल्यावर तिने खड्डा बुजवला, अंगाने थापटला, आणि जाताना दर पाच पावलांवर थांबायची, श्वास ऐकू यायचा, माणसासारखा. सासूबाई माझ्या कानात म्हणाल्या "बाळंतीण आहे गं, दमली." पोरगा रडत होता, का ते त्याला पण सांगता येईना. दुसऱ्या दिवशी सकाळी हॅचरीतून आधीच्या खेपेची पिल्लं सोडली, ती त्याने मोठ्या अनुभवी माणसासारखी बघितली. लेदरबॅक काही आली नाही.

मधल्या एका दिवशी रॉस अँड स्मिथ केलं, एरियल बे जेट्टीवर परमिट काढून बोटीने, अर्ध्या तासाच्या आतच पोचतो. दोन बेटं आणि मधे पांढऱ्या वाळूचा पट्टा, भरतीला बुडतो, ओहोटीला वर. तुम्हाला हवं ते निळं पाणी इथे आहे. बोटीचे पैसे पूर्ण बोटीचे असतात, माणशी नाही, त्यामुळे जेट्टीवर दुसरं कुटुंब बघून वाटून घ्या. आणि बुकिंग करताना गोंधळ घालू नका, पोर्ट ब्लेअरसमोर जे ब्रिटिशांचे पडके बंगले असलेलं रॉस होतं ते वेगळं, त्याचं नाव २०१८ मधे नेताजी सुभाषचंद्र बोस द्वीप झालं. आम्हाला जेट्टीवर एक जोडपं भेटलं जे पडके बंगले शोधत दिगलीपूरपर्यंत आलं होतं. त्यांना कुणी आणलं विचारलं तर तोच एजंट निघाला!

सॅडल पीकचा ट्रेक लामिया बेपासून सुरू होतो, जाऊन-येऊन पूर्ण दिवस जातो, आम्ही केला नाही, कंबर शिल्लक नव्हती.

परतीचं सांगते. एजंटची गाडी परत न्यायला येणार होती, तिचे पैसे दिलेले. फोन लावला तर "गाडी का काम निकला है, कल परसों भेजता हूँ." मी जे काय बोलले ते इथे लिहिता येणार नाही. पैसे आजतागायत परत नाहीत. मग दादा म्हणाले सरकारी बसने का जात नाही? सासूबाईंना बसने, मला कसंतरी वाटलं. दादांनीच बाजारात जाऊन चार सीट काढून आणल्या, पुढच्या, चाकावरच्या नाहीत. पहाटे अंधारात आम्हाला स्वतः सोडायला आले, बौदींनी केळीच्या पानात पुऱ्या आणि बटाटा बांधून दिला.

आणि काय सांगू, तोच रस्ता, तीच धूळ, पण बस उंच, चाकं मोठी, ड्रायव्हरला एकेक खड्डा नावानिशी पाठ. ज्या खड्ड्याला आम्ही उतरून चाललो होतो तो बसने नुसतं "हं" म्हणून पार केला. आपला लाल डबा कसा घाटात चालतो, तसंच. धक्के बसतात, कुणी मऊ गादी समजू नये, संध्याकाळ होतेच पोचायला, पण चेंबर नाही, उतरा-चढा नाही, आणि गाडीच्या निम्म्याच्या निम्मे पण पैसे नाहीत. सासूबाई मायाबंदरपासून रंगतपर्यंत चक्क झोपल्या. पंचवटीला बस दोनच मिनिटं थांबली. आमचा टपरीवाला दुकानात होता, त्याने हात केला.

तर होमस्टेला माझ्याकडून चार स्टार, एक चादरीचा कापला. बेडकाचा नाही कापला. ज्यांना रूम सर्व्हिस, वायफाय, स्विमिंग पूल लागतो त्यांनी जाऊ नका, तुम्ही वैतागाल आणि येऊन त्या माणसांना एक स्टार द्याल. पाठीचं दुखणं असेल, दिवस गेलेले असतील, अगदी तान्हं मूल असेल तर रस्त्याने नाहीच. बाकीच्यांनी मधे एक मुक्काम टाका, उंच गाडी असल्याशिवाय गाडी घेऊ नका, गाडीचा फोटो आधी मागवा, काफिल्याच्या वेळा आदल्या दिवशी विचारा कारण बदलतात, उलटीच्या गोळ्या, ओले टिश्यू आणि एक जुनी चादर सीटवर टाकायला. पांढरे कपडे नेऊ नका, माझा एक कुर्ता अजून गुलाबी आहे.

घरी आल्यावर पोराने भिंतीवर लेदरबॅकचं चित्र लावलंय, खाली पुढच्या वर्षीची तारीख. परवा जेवताना नवरा म्हणाला बघू, तेव्हा रस्ता झाला असेल तर जाऊ. सासूबाई ताटातून मान वर न करता म्हणाल्या, "रस्त्याचं राहू दे. मायाबंदरला मुक्काम आणि बसचं पुढचं सीट असेल तर मी येते."